कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मोडणारी हाडं

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट ऑपरेशननंतर घरी जातो तेव्हा घरच्यांच्या हातात भरपूर सूचना असतात. टाके कधी काढायचे, नाकातल्या नळीतून किती मिली आणि किती वेळाने द्यायचं, ड्रेसिंग कुठे करून घ्यायचं, रेडिएशनच्या प्लॅनिंगला कधी यायचं. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा सांगायची राहून जाते: या माणसाचं नेमकं कोणतं हाड आता पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, नेमकं तेच हाड मोडतं आणि सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘कॅन्सर परत आला’ हाच. कधीकधी तो खराही असतो. पण पुष्कळदा कारण हाडाच्या ताकदीचंच असतं, आणि ते ऑपरेशनच्या दिवशीच ठाऊक असतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत, पेशंटच्या घरच्यांसाठी आणि गावागावातल्या डेंटिस्ट, फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी.

हाड टिकतं ते दोन गोष्टींवर, जाडी आणि रक्तपुरवठा. ऑपरेशनमध्ये जाडी कमी होते, हाडावरचं आवरण सुटतं, आवरणातून येणारा रक्तपुरवठा तुटतो. नंतरचं रेडिएशन, म्हणजे शेक, उरलेल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद करत जातं. ही प्रक्रिया शेक संपल्यावर थांबत नाही, वर्षानुवर्षं चालू राहते. म्हणूनच ‘आता तर दोन वर्षं झाली’ हा दिलासा जबड्याच्या बाबतीत कामाचा नाही.

खालचा जबडा

आपल्याकडे तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा, मावा हे सगळं गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत दाबून ठेवलं जातं. त्यामुळे कॅन्सर होतो तो बहुधा तिथेच, आणि खालच्या जबड्याला तो अगदी लागून असतो. गाठ हाडाला टेकली आहे पण आत शिरलेली नाही, अशा वेळी सर्जन संपूर्ण जाडीचा तुकडा न काढता हाडाचा फक्त वरचा भाग, दातांच्या खोबण्यांसकट, कापून काढतात आणि खालची कड ठेवतात. याला मार्जिनल मॅन्डिब्युलेक्टमी म्हणतात. फायदा मोठा आहे. जबडा सलग राहतो, चेहरा तिरका होत नाही, चावणं बऱ्यापैकी टिकतं. किंमत एवढीच की आता सगळा भार त्या खालच्या पट्टीवर येतो.

ती पट्टी किती उंचीची उरली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. निदान १ सेंटिमीटर उरलीच पाहिजे, हा बहुतेक सर्जन पाळतात तो नियम. त्याहून कमी उरत असेल तर एकतर तिथे आधाराची जाड प्लेट लावून घ्यावी, नाहीतर तो तुकडा पूर्ण काढून नवं हाड बसवावं. दात असलेल्या माणसाच्या जबड्याची उंची साधारण अडीच-तीन सेंटिमीटर असते, त्यामुळे वरचं कापूनही पुरेसं हाड हाताशी राहतं. दात पडून वर्षं लोटलेल्या म्हाताऱ्या माणसाचा जबडा मात्र आधीच झिजून निम्मा झालेला असतो. आतल्या नसेची नळीही वरच्या पृष्ठभागाजवळ आलेली असते. अशा जबड्याचा वरचा भाग कापला की उरते ती पेन्सिलीच्या जाडीची काडी. ‘थोडंसंच हाड काढलं’ हे ऐकून बरं वाटतं, पण बोळक्या तोंडात ते थोडंसंच सगळ्यात जास्त धोक्याचं असतं. अशा पेशंटमध्ये उगाच हाड वाचवायच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे असं का होतं ते चावण्याच्या यंत्रणेत आहे. दाढांवर घास दाबला की जबड्याच्या वरच्या कडेवर ताण येतो आणि खालच्या कडेवर दाब. वरची कड हा ताण पेलणारा पट्टा असतो. ऑपरेशनमध्ये नेमका तोच काढलेला असतो, आणि खालच्या पट्टीला तिच्या स्वभावात नसलेलं काम करावं लागतं.

कापण्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा. दोन उभे छेद आणि एक आडवा छेद घेऊन चौकोनी खाच पाडली तर तिच्या दोन काटकोनी कोपऱ्यांत सगळा ताण गोळा होतो, आणि तडा सुरू होतो तो कोपऱ्यातूनच. तोच छेद होडीच्या तळासारखा गोलसर घेतला की ताण विभागला जातो. बारीक बर (हाड घासायचं फिरतं टोक) घेऊन कोपरे गोल करायला दोन मिनिटं लागतात. त्यात करवतीचं पातं छेदाची ठरलेली रेषा ओलांडून खालच्या पट्टीत एखाद-दोन मिलिमीटर जास्त घुसलं, तर तीच खूण पुढे तड्याची जागा ठरते. करवत किंवा ड्रिल चालताना सलाइनची धार सतत हवी. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी त्याच्या पेशी मरतात, आणि कोरडं ड्रिल त्याच्या कितीतरी वर जातं.

मागच्या दाढेच्या पाठीमागे, जबडा वर वळतो त्या कोपऱ्यात गाठ असेल, तर तिथला छेद आणखी नाजूक. चावण्याचे मोठे स्नायू तिथेच खेचतात, आणि तिथे उरलेलं हाड अरुंद असतं. मार्जिनलनंतर पहिल्या काही आठवड्यांत मोडलेला जबडा बहुधा याच कोपऱ्यात मोडलेला सापडतो. वरचे सगळे दात शाबूत असतील आणि दुसऱ्या बाजूने माणूस जोरात चावत असेल तर धोका आणखी वाढतो, कारण चावणाऱ्या बाजूचा जोर अख्ख्या जबड्यातून या बाजूला पोचतो.

म्हणून पहिले सहा आठवडे खाणं मऊच हवं. पातळ खिचडी, मऊ भात-वरण, नाचणीचं सत्त्व, मूगडाळीचं कढण, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून, दही, पनीर चुरून. भाकरी खायचीच तर दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून. चिक्की, ऊस, सुकं खोबरं, भाजलेले चणे, हाडाचा तुकडा चोखणं, कच्चं गाजर हे सगळं बंद. सुपारी तर कायमचीच बंद, तिची कारणं वेगळी आणि त्याहून मोठी आहेत. सहा आठवड्यांनंतर सर्जनने एक्स-रे पाहून परवानगी दिली की हळूहळू वाढवायचं. पट्टी १ सेंटिमीटरच्या आसपासच उरलेली असेल आणि त्यावर रेडिएशनही झालं असेल, तर कडक खाणं कायमचं सोडलेलं बरं.

तोंड उघडण्याच्या व्यायामाचाही इथे विचार करावा लागतो. ऑपरेशन आणि शेकानंतर तोंड आखडतं, त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दातांत धरणं किंवा जबडा उघडायचं धातूचं साधन वापरणं सर्रास सांगितलं जातं, आणि ते गरजेचंही आहे. पण पातळ उरलेल्या जबड्यावर स्क्रू फिरवून जोर लावणं म्हणजे मोडायला बोलावणं. त्या पेशंटनी स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर, हलकेच, दिवसातून पाच-सहा वेळा तोंड उघडण्याचा व्यायाम करावा. साधन वापरायचं असेल तर कोणतं हाड किती उरलंय हे फिजिओथेरपिस्टला आधी माहीत असलंच पाहिजे.

जबडा पुढून कापून जोडलेला असेल तर

जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलजवळ पोचण्यासाठी खालचा ओठ आणि जबडा पुढून कापून दार उघडल्यासारखा बाजूला करतात आणि शेवटी जोडतात. या जोडाबद्दल थोडक्यात. छेद दुसऱ्या आणि तिसऱ्या दाताच्या मध्ये, म्हणजे सुळ्याच्या अलीकडे घेतात, कारण तिथे मुळं एकमेकांपासून लांब जातात आणि ओठाला संवेदना देणारी नस मागे सुरक्षित राहते. दात दाटीवाटीने असतील तर एक दात काढून त्याच्या खोबणीच्या मधोमध कापावं, नाहीतर दोन्ही बाजूंची मुळं उघडी पडतात आणि तिथे सुरू झालेला जंतुसंसर्ग जोड टिकू देत नाही. प्लेट कापण्याआधी वाकवून, भोकं पाडून, स्क्रू बसवून, मग काढून ठेवायची. जोडताना तीच भोकं सापडली की दात आपोआप जुळतात. कापल्यावर अंदाजाने बसवलेली प्लेट अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी दातांची ठेवण बिघडते, फट राहते, आणि ती फट भरायच्या आत शेक सुरू होतो.

प्लेट तुटते तेव्हा

जबड्याचा पूर्ण जाडीचा तुकडा काढावा लागला आणि नवं हाड न बसवता फक्त टायटॅनियमची प्लेट आणि छातीचा स्नायू लावून जागा भरली, असं आपल्याकडे बरंच होतं. त्याला कारणं आहेत. पायाचं हाड आणून बसवायचं ऑपरेशन आठ-दहा तासांचं, मायक्रोसर्जरीची टीम लागणारं आणि खर्चाचं. पण लोकांचा समज असा की धातू आहे, म्हणजे कायमचा. तसं नाही. दोन हाडांच्या मध्ये मोकळी जागा असते तेव्हा प्रत्येक घासाला, प्रत्येक गिळण्याला, प्रत्येक शब्दाला ती प्लेट किंचित वाकते आणि परत येते. तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तेच इथे होतं. तुटते ती बहुधा स्क्रूच्या भोकापाशी, किंवा जबड्याच्या कोपऱ्यावर बसावी म्हणून जिथे जास्त वाकवली होती तिथे. एकदा उजवीकडे वाकवून चुकली म्हणून परत डावीकडे वाकवलेली प्लेट तर टेबलवरच निम्मी थकलेली असते. तिला फेकून नवी घ्यावी.

अशा प्लेटला दोन्ही बाजूंच्या हाडात निदान तीन-तीन लॉकिंग स्क्रू हवेत. स्क्रू छेदाच्या कडेला चिकटून नसावा. थोडं आत घ्यावा, म्हणजे हाड कडेला फुटत नाही. हनुवटीच्या भागात नुसत्या प्लेटवर भागवणं आम्हाला मुळीच पटत नाही. पुढून कातडीवर ताण येतो, प्लेट बाहेर दिसू लागते, आणि मग ती काढण्यावाचून इलाज उरत नाही. वयस्कर पेशंटमध्ये मागच्या बाजूचा तुकडा गेला असेल तर प्लेट न लावता नुसता मांसल फ्लॅप, म्हणजे दुसरीकडून आणलेला रक्तपुरवठ्यासह मांसाचा तुकडा, लावणं हा पर्यायही विचारात घ्यावा. जबडा एका बाजूला सरकतो हे खरं, पण तुटायला तिथे काही नसतं.

प्लेट तुटल्याचं घरी कसं कळतं? अचानक ‘टक्’ असा आवाज, त्यानंतर चावताना काहीतरी हलल्याची जाणीव, दात जुळेनासे होणं, त्या जागी सूज. दुखेलच असं नाही, कारण तिथली नस बऱ्याचदा आधीच कापलेली असते. न दुखणारं फ्रॅक्चर असतं यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

शेक दिलेला जबडा आणि दात काढणं

ऑपरेशननंतरचा शेक सहसा ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), ३० वेळांत विभागून, सहा आठवडे. जबड्याच्या हाडाला ६० ग्रेपेक्षा जास्त मिळालं की ते हाड मरण्याचा धोका ठळकपणे वाढतो. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात: हिरडी फाटून हाड उघडं पडतं, तीन महिने झाले तरी भरत नाही, आणि तपासणीत कॅन्सर सापडत नाही. वरच्या जबड्यापेक्षा खालचा जबडा जास्त बळी पडतो, कारण त्याचं हाड घट्ट असतं आणि रक्त आणणारे रस्ते मोजके. मेलेलं हाड स्वतःची रोजची झीज भरून काढू शकत नाही. बारीक तडे साठत जातात आणि एक दिवस साध्या जांभईनेही ते मोडतं.

याची सुरुवात पुष्कळदा एका काढलेल्या दातापासून होते. पेशंटचा दात दुखतो, तो घराजवळच्या डेंटिस्टकडे जातो, शेक झाल्याचं सांगत नाही, दात काढला जातो, आणि ती खोबण कधीच भरत नाही. म्हणून खराब दात शेक सुरू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी काढून टाकायचे. ऑपरेशनच्या टेबलवरच काढले तर सगळ्यात उत्तम, कारण भरायला पूर्ण सहा आठवडे मिळतात. शेकानंतर खालचा दात शक्यतो काढायचाच नाही. रूट कॅनॉल करून वरचा भाग हिरडीच्या पातळीला कापून मूळ आत ठेवता येतं. अगदीच काढावा लागला तर कॅन्सर सेंटरच्या दंत विभागात, एका वेळी एक-दोनच, हाडाचे टोकदार कंगोरे घासून, हिरडी ताण न देता शिवून, अँटिबायोटिक देऊन.

दात किडू नयेत यासाठी रोज रात्री १.१ टक्के सोडियम फ्लोराइडचं जेल, दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये घालून पाच मिनिटं. जेल थुंकून टाकायचं, पण नंतर अर्धा तास चूळ भरायची नाही, काही खायचं-प्यायचं नाही. शेकाने लाळ आटते, आणि लाळ नसलेल्या तोंडात दात वर्षभरात हिरडीच्या रेषेवर कापल्यासारखे किडतात. ही सवय आयुष्यभराची आहे. तीन-चार महिन्यांत पेशंट कंटाळतात, आणि तिथेच घसरण सुरू होते.

हाड उघडं पडलं आहे पण मोडलेलं नाही, अशा टप्प्यावर पेंटॉक्सिफायलीन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई १००० युनिट ही जोडी बऱ्याच ठिकाणी देतात. परिणाम दिसायला महिने लागतात. पेंटॉक्सिफायलीनने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी ती मेडिकलमधून स्वतःहून आणू नये. हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे दाबाच्या खोलीत बसून ऑक्सिजन घेणं, याबद्दल पेशंट फार विचारतात. शेक दिलेल्या जबड्यातला दात काढण्याआधी किंवा तिथे इम्प्लांट बसवण्याआधी ते दिल्याने हाड मरणं टळतं का, हे पाहणारी ब्रिटनमधली मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात फायदा दिसला नाही. त्यावर लाखभर रुपये घालवण्याआधी हे माहीत असावं.

आणि मोडलंच तर? शेक न झालेल्या जबड्याचं फ्रॅक्चर जाड प्लेट लावून, दोन्हीकडे तीन स्क्रू घालून, चांगलं जुळतं. बारीक मिनिप्लेटवर भागवू नये. अपघातात मोडलेल्या तरण्या जबड्याला ती पुरते, या पातळ पट्टीला नाही. शेक झालेल्या, मेलेल्या हाडाला मात्र प्लेट लावणं हा वेळेचा आणि पैशांचा अपव्यय आहे. स्क्रू धरत नाहीत, पू होतो, कातडीला भोक पडतं. तिथे रक्त येणाऱ्या जिवंत हाडापर्यंत सगळं काढून रक्तवाहिन्यांसह नवं हाड आणावं लागतं. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचा, कितीही खात्री असली तरी. मेलेल्या हाडाच्या आड परत आलेला कॅन्सर दडलेला असू शकतो.

फ्रॅक्चर शेक सुरू होण्याआधीच झालं तर आणखी एक पेच येतो. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत शेक सुरू व्हावा हे कॅन्सरच्या दृष्टीने महत्त्वाचं. हाड पूर्ण जुळायची वाट पाहत बसलं तर ती मुदत टळते. प्लेट लवकर लावून शेक वेळेवर सुरू करणंच बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

गळ्याच्या बुडाचं हाड

कॉलरबोन, म्हणजे गळ्याच्या बुडाशी आडवं असणारं हाड, मानेच्या ऑपरेशननंतर मोडू शकतं ही गोष्ट डॉक्टरांनाही पटकन सुचत नाही. मानेतल्या गाठी काढताना जुन्या पूर्ण पद्धतीत कानामागून छातीकडे येणारा जाड स्नायूही काढतात. त्या स्नायूची एक शाखा कॉलरबोनच्या आतल्या, छातीकडच्या तिसऱ्या भागावर बसते आणि तिथल्या आवरणाला रक्त देते. ती गेली. त्याच ऑपरेशनमध्ये खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूची नस कापली गेली असेल तर खांदा खाली-पुढे लोंबतो, आणि हाताचं सगळं वजन कॉलरबोनवर येतं. ते हाड पहिल्या बरगडीवर टेकून वाकत राहतं. त्यावर शेक. छातीचा स्नायू वर फिरवून तोंडात लावला असेल तर त्या बाजूचं आवरण आणखी सुटलेलं. इतकं सगळं एकाच ठिकाणी जमा झालं की पडल्या-झडल्याशिवाय, नुसत्या रोजच्या हालचालीने, आतल्या तिसऱ्या भागात तडा जातो.

हाताला लागते ती एक टणक सूज, छातीच्या मधल्या हाडाला लागून. कधी दुखते, कधी नाही. वरची कातडी लालसर असू शकते. साध्या एक्स-रेत तो भाग छातीच्या हाडाच्या आणि मणक्यांच्या सावलीत लपतो, त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. पेट-सीटी केला तर भरत असलेलं फ्रॅक्चरसुद्धा चमकतं, आणि रिपोर्टमध्ये ‘मेटास्टॅसिसची शक्यता’, म्हणजे कॅन्सर हाडात पसरल्याची शक्यता, असं लिहून येतं. तो कागद वाचून घरात काय होतं हे सांगायला नको. इथे पातळ कापांचा सीटी स्कॅन सगळ्यात उपयोगी. त्यात तड्याची रेषा दिसते, बाजूला मांसल गाठ आहे की नाही हे दिसतं. तडा नसून नुसता कॉलरबोन आणि छातीच्या हाडाचा सांधा सुजून मोठा झालेला असणं, हेही मानेच्या ऑपरेशननंतर बऱ्यापैकी दिसतं. शंका उरलीच तर बारीक सुईने नमुना घ्यावा. शेकलेल्या कातडीवर मोठा छेद देऊन बायोप्सी घेण्याची घाई नको, ती जखम भरता भरत नाही. त्या हाडाच्या लगेच मागे हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, हेही लक्षात ठेवायचं.

उपचार बहुधा साधे असतात. हात झोळीत, दुखणं कमी करणारं औषध, मग खांद्याचा हळूहळू व्यायाम. हाड पूर्ण जुळलं नाही तरी दुखणं थांबतं आणि हात चालतो. हाड मेलं आणि पू झाला तरच आतला तुकडा काढून चांगल्या रक्तपुरवठ्याचा स्नायू वर आणावा लागतो.

टाळण्यासाठी खांद्याचा आधार हवा. बसताना कोपराखाली उशी किंवा खुर्चीचा हात. झोपताना त्या बाजूचा हात उशीवर. कळशी, पाण्याची बादली, गॅसची टाकी त्या हाताने नाही. लोकलमध्ये त्या हाताने वरची कडी धरून लोंबकळणं नाही. खांद्याची फिजिओथेरपी ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघाल्यापासून, महिन्याभराने नव्हे. आता बहुतेक ऑपरेशनांत नस आणि स्नायू वाचवले जातात, म्हणून हे फ्रॅक्चर कमी झालं आहे. पण वाचवलेली नसही ताणली जाते आणि काही महिने खांदा लोंबतो, तेवढ्या काळापुरती काळजी सारखीच.

जिथून हाड घेतलं ती जागा

नवा जबडा बहुधा पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाचा, फिब्युलाचा, करतात. १९८९ सालापासून ही पद्धत जबड्यासाठी रूढ झाली. घोट्याजवळ ६ ते ८ सेंटिमीटर आणि गुडघ्याखाली साधारण ६ सेंटिमीटर हाड ठेवतात. खालचं ठेवतात ते घोटा डगमगू नये म्हणून, वरचं ठेवतात ते पाऊल उचलणारी नस वाचावी म्हणून. मधलं २०-२५ सेंटिमीटर घेता येतं. शरीराचा बहुतेक भार टिबिया, म्हणजे नडगीचं जाड हाड, पेलतो, त्यामुळे चालणं परत येतं. पण फिब्युलाचा वाटाही आता टिबियावर येतो, आणि क्वचित काही महिन्यांनी नडगीत बारीक तडा जातो. चालताना नडगीचं एकच ठिकाण दुखणं आणि दाबल्यावर तिथेच कळ येणं ही त्याची खूण. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असतो, एमआरआयमध्ये दिसतो. चालणं एकदम वाढवू नये, विशेषतः वारीला किंवा गडावर जायच्या उत्साहात.

नव्या जबड्यात फिब्युलाचे तुकडे कापून कोन देतात. तुकडा २ सेंटिमीटरपेक्षा लहान झाला तर त्याला आवरणातून पुरेसं रक्त मिळत नाही आणि तो जुळत नाही. फिब्युला आणि मूळ जबडा यांचा जोड भरायला तीन ते सहा महिने, शेक झाला असेल तर त्याहून जास्त. तोवर त्या बाजूने चावायचं नाही.

मनगटाकडचं रेडियस हाड कातडीसोबत घ्यायची पद्धत आता कमी झाली, पण जिथे पायाच्या रक्तवाहिन्या खराब आहेत तिथे अजून वापरतात. हाडाची जाडी एक तृतीयांश ते फार तर ४० टक्के, लांबी १०-१२ सेंटिमीटर, टोकं गोलसर. जाडी एक तृतीयांशाने कमी झाली म्हणजे ताकदही तेवढीच कमी झाली असं नसतं. पिळाला विरोध करण्याची ताकद त्याहून कितीतरी जास्त घटते. उरलेल्या हाडावर त्याच वेळी प्लेट लावून ठेवली की फ्रॅक्चर खूप कमी होतात, म्हणून प्लेटशिवाय हे हाड घेऊच नये. पहिले दोन-तीन महिने कपडे पिळणं, घट्ट झाकण फिरवणं, कणीक मळणं बंद.

घरी काय पाहायचं, कागदावर काय हवं

दात अचानक जुळेनासे झाले, जबड्यात ‘टक्’ होऊन हलल्यासारखं वाटलं, हाड उघडं दिसलं, कातडीतून पाणी किंवा पू येऊ लागला, तोंड उघडणं आठवड्याभरात कमी झालं, कॉलरबोनवर नवी सूज आली, तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन केलेल्या टीमला दाखवायचं. तोवर पातळ आहार, व्यायाम बंद, तेल-मालिश नाही, गरम पिशवीने शेकणं नाही. मानेभोवती घट्ट पट्टी बांधू नये. फ्लॅपला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मानेतूनच जातात, त्या दबतात. हनुवटीचा भाग सुटून जीभ मागे पडल्यासारखी वाटली, आडवं झाल्यावर श्वास अडकला, तर पुढे वाकवून बसवायचं आणि तडक कॅज्युअल्टी.

हाडाची सर्वसाधारण ताकदही सांभाळावी लागते. महिनोन्महिने नळीवर राहिलेल्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि नुसत्या भाताच्या पेजेतून ती मिळत नाहीत. डी जीवनसत्त्व तपासून घ्यावं. मानेला शेक झाल्यावर थायरॉइड मंदावते, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. गोळी सुरू असेल तर डोस जास्त होत नाही ना हेही पाहायचं, कारण जास्तीच्या थायरॉक्सिनने हाडं विरळ होतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखं इंजेक्शन कोणी सुचवलं, तर आधी दात तपासून घ्यावेत आणि जबड्याला शेक झाल्याचं सांगावं. या औषधाने जबड्याचं हाड वेगळ्या वाटेने मरू शकतं.

डिस्चार्ज कार्डावर पुढच्या गोष्टी लिहून मागाव्यात, आणि हे मागणं पेशंटचा हक्क आहे: जबड्याचा कोणता भाग काढला, पट्टी किती मिलिमीटर उरली, प्लेट कोणत्या मापाची आणि किती स्क्रू, मानेतली नस वाचली की कापली, हाड कुठून घेतलं. शेक संपल्यावर रेडिएशन विभागाकडून जबड्याला एकूण किती ग्रे मिळाले आणि शेवटची तारीख कोणती, हे लिहून घ्यावं. या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि कोणत्याही डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी तो दाखवावा.